रोटर कुठे आहे, हे मोटरलाच विचारा

मिक्सरचे कार्बन बदलताना जो काळा तुकडा हातात येतो, तो नीट पाहण्यासारखा असतो. बोटाच्या पेरापेक्षाही लहान, मागे स्प्रिंग, पुढची बाजू अर्धगोल झिजलेली. तो ज्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर घासतो, त्याला कम्युटेटर म्हणतात. मोटर फिरत राहायची तर प्रवाह योग्य वेळी या कॉइलमधून त्या कॉइलमध्ये वळवावा लागतो, आणि योग्य वेळ कळायला फिरणारा भाग, म्हणजे रोटर, या क्षणी कुठे आहे हे माहीत असावे लागते. कम्युटेटर त्या फिरणाऱ्या भागावरच बसवलेला असल्याने ही माहिती त्याच्या पट्ट्यांच्या जागेतच असते. मोजायला कोणी लागत नाही. त्याची किंमत म्हणून ठिणग्या, काळी पूड आणि दर काही वर्षांनी नवे कार्बन.

‘रोटर कुठे आहे’ या माहितीचा हा मागोवा आहे. पावणेदोनशे-दोनशे वर्षांत ती तांब्यातून सेन्सरमध्ये गेली आणि सेन्सरमधून गणितात. हा प्रवास वाचताना मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की पुन्हा पुन्हा खबर आणली ती मोटर बनवणाऱ्यांनी उपद्रव समजून नाक मुरडलेल्या गोष्टीने.

त्यातला पहिला उपद्रव मोटरइतकाच जुना. मोरित्स याकोबीने १८३४ मध्ये क्योनिग्सबर्ग येथे फिरणारी विद्युत मोटर बनवली आणि १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेव्हा नदीत बॅटरीवर बोट चालवून दाखवली. त्याच शहरात एमिल लेन्झ होता. प्रेरित प्रवाह नेहमी आपल्या कारणाला विरोध करतो, हा त्याचा नियम १८३४ चा. याकोबीच्या लक्षात आले की मोटरचा वेग वाढतो तसा बॅटरीतून येणारा प्रवाह घटत जातो. फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्रही असते आणि आपल्याला चालवणाऱ्या विद्युतदाबाविरुद्ध स्वतःचा दाब उभा करते. आज आपण त्याला बॅक ईएमएफ म्हणतो. अमर्याद वेगाने फिरणाऱ्या यंत्राचे स्वप्न पाहणाऱ्यांना हा अडथळा वाटला. पुढे शंभर वर्षे अभियंत्यांनी त्याला समीकरणात उणे चिन्हासह बसवले आणि तिथेच ठेवले. या उलट्या दाबाची लाट रोटरवरच्या चुंबकांच्या फिरण्याशी तंतोतंत बांधलेली असते, म्हणजे तीत रोटरचा पत्ता लिहिलेला असतो, याचा उपयोग करायची गरज तोवर कोणाला पडली नव्हती. पत्ता सांगायला कार्बन होतेच.

गरज पडली ती कार्बन काढून टाकल्यावर. १९६२ मध्ये टी. जी. विल्सन आणि पी. एच. ट्रिकी यांनी कम्युटेटरचे काम अर्धवाहक घटकांकडे सोपवलेली डीसी मोटर मांडली. चुंबक फिरणाऱ्या भागावर गेले, कॉइल स्थिर भागात आल्या, घासणारे काही उरले नाही. सुरुवातीला ही मोटर छोटी आणि महागच राहिली, कारण चुंबकच दुबळे होते. साठच्या दशकात कार्ल स्ट्रनॅटच्या कामातून समेरियम-कोबाल्टचे चुंबक आले. १९८२ मध्ये सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये मासातो सागावाने निओडिमियम, लोह आणि बोरॉनचा चुंबक घडवला. त्याच सुमारास जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचला. मूठभर चुंबकात आता पूर्वीच्या मोठ्या ठोकळ्याची ताकद मावू लागली.

कार्बन गेले, पण त्यांच्याबरोबर पत्ताही गेला. ती जागा भरून काढली एका जुन्या शोधाने. १८७९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाच्या विद्यार्थ्याने काचेवर सोन्याचा पातळ वर्ख चिकटवून त्यातून प्रवाह सोडला, वर्ख चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरला आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये आडवा दाब निर्माण होतो हे दाखवले. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. जवळजवळ एक शतक हा परिणाम प्रयोगशाळेत राहिला. अर्धवाहकांनी तो स्वस्त आणि स्पष्ट केला, तेव्हा तीन छोटे हॉल सेन्सर मोटरमध्ये बसू लागले आणि चुंबकाचा कोणता ध्रुव समोर आहे ते सांगू लागले.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली मोटर उघडलेली पाहिली तर हे सगळे डोळ्यांसमोर असते. पिवळी, हिरवी, निळी अशा तीन जाड वायरी, आणि त्यांच्या शेजारून जाणाऱ्या पाच बारीक वायरी: वीजपुरवठ्याच्या लाल आणि काळी, खबर आणणाऱ्या पुन्हा पिवळी, हिरवी, निळी. जाड वायरींना सहसा काही होत नाही. पावसाळ्यात पाणी शिरते, कनेक्टर हिरवा पडतो, एखादा सेन्सर गप्प होतो, आणि गाडी जागेवर थरथरते पण पुढे सरत नाही. मेकॅनिक ‘हॉल गेला’ म्हणतो ते हेच. शेकडो वॅटची धडधाकट मोटर भाताच्या दाण्याएवढ्या तुकड्यासाठी अडून बसते.

ही अडचण जिथे अगदी असह्य झाली, ती जागा म्हणजे एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसर. वेग कमी-जास्त करणारा घरगुती इन्व्हर्टर एसी जपानमध्ये ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तोशिबाने आणला. त्यातली मोटर इंडक्शनची होती, तिला रोटरचा पत्ता लागत नसे. पण वीज वाचवायची तर कायम चुंबकाची मोटर हवी होती, आणि कॉम्प्रेसर म्हणजे वेल्डिंग करून कायमचे बंद केलेले पोलादी भांडे. आत तेल, दाबाखालचा शीतक वायू आणि सेन्सरला न मानवणारी उष्णता. भांड्यातून बाहेर येतात त्या काचेच्या सीलमध्ये बसवलेल्या तीनच पिना. हॉल सेन्सर बसवायचे तर आणखी पाच पिना, म्हणजे गळतीच्या पाच नव्या जागा, आणि आत सेन्सर गेला तर भांडे कापल्याशिवाय हात पोहोचणार नाही.

हिताचीच्या केनिची ईझुका आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या अडचणीतून आला. तो वाचताना त्याचा साधेपणा आवडतो. मोटरच्या तीन तारांपैकी कोणत्याही क्षणी दोनच तारांतून प्रवाह वाहतो, तिसरी मोकळी असते. त्या मोकळ्या तारेवर जो दाब दिसतो तो बाहेरून दिलेला नाही, चुंबकाने निर्माण केलेला आहे. तोच याकोबीचा उपद्रव. तो शून्यातून पार होतो त्या क्षणापासून विद्युत कोनाचे ३० अंश मोजले की पुढची जोडी चालू करायची वेळ येते. पूर्ण विद्युत फेरीत असे सहा टप्पे. डोळे मिटून झोपाळ्याला झोका देणाऱ्याला जसे हाताला जाणवणाऱ्या ओढीवरून पुढचा धक्का केव्हा द्यायचा ते कळते, तसेच हे. हिताचीने ते दाब फिल्टरमधून घेतले आणि निर्णयाचे काम मायक्रोकॉम्प्युटरवर सोपवले. भांड्याला तीनच पिना राहिल्या.

पण झोपाळा थांबलेला असेल तर हाताला ओढ कसली? बॅक ईएमएफ वेगाच्या प्रमाणात असतो. वेग शून्य, तर खबरही शून्य. पूर्ण वेगाच्या पाच-दहा टक्क्यांपर्यंत ती गोंगाटात बुडालेली असते. याला तेव्हा सापडलेला उपाय अजूनही लाखो घरांत रोज वापरला जातो. बीएलडीसी, म्हणजे कार्बन नसलेल्या मोटरच्या, पंख्याचे बटण दाबा आणि पात्यांकडे लक्ष द्या. पुष्कळ पंख्यांत पाते आधी किंचित हलते, कधी चक्क उलट्या दिशेने, क्षणभर डुलते आणि मग नीट फिरू लागते. कंट्रोलरला रोटर कुठे आहे ते माहीत नसते, म्हणून तो एका ठरलेल्या दिशेने प्रवाह सोडून रोटरला तिथे ओढून आणतो. आता जागा माहीत झाली. मग तो ठरावीक चढत्या गतीने क्षेत्र फिरवत राहतो, रोटर मागून येत असेल असे गृहीत धरून. पुरेसा वेग आला की उलटा दाब ऐकू येतो आणि खरे नियंत्रण सुरू होते. साध्या छताच्या पंख्याचे सत्तर-पंचाहत्तर वॅट तिशीच्या आसपास आणणाऱ्या या पंख्यांचा आपल्याकडे जोमाने प्रसार केला तो आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या ॲटमबर्गसारख्या कंपन्यांनी. पंख्याला हे क्षणभराचे डुलणे चालते, कारण त्याच्यावर सुरुवातीला भार नसतोच.

हार्ड डिस्कला ते चालत नव्हते. तबकडीच्या अगदी जवळ वाचणारे शीर्ष, उलटे फिरणे टाळलेले बरे. म्हणून तिथे फिरवण्याआधीच कॉइलमध्ये वेगवेगळ्या दिशांनी अतिशय छोटे ठोके देऊन रोटरचा पत्ता काढायची रीत आली. रोटर जागचा हलत नाही, पण प्रत्येक ठोक्याला प्रवाह किती चटकन चढला यातला फरक त्याची जागा सांगतो. ही रीत लक्षात ठेवावी, पुढे तिचाच मोठा वंश वाढला.

दरम्यान दुसरे एक घराणे वेगळ्या गावी वाढत होते. १९२९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉबर्ट पार्कने सिंक्रोनस यंत्राची समीकरणे जमिनीवर उभे राहून लिहिण्याऐवजी फिरणाऱ्या रोटरवर बसून लिहिली. बाहेरून पाहता सतत वर-खाली होणारे तीन प्रवाह तिथून दोन शांत, स्थिर आकडे दिसतात. एडिथ क्लार्कच्या नावाने ओळखले जाणारे रूपांतर त्याच्या आधीची पायरी. क्लार्क पुढे टेक्सास विद्यापीठात, अमेरिकेतली विद्युत अभियांत्रिकीची पहिली प्राध्यापिका झाली. हे कागदावरचे साधन मोटर चालवायला जुंपले ते कार्ल हासेने आणि १९७१-७२ च्या सुमारास सीमेन्सच्या फेलिक्स ब्लाश्केने. प्रवाहाचा एक घटक चुंबकीय क्षेत्रासाठी, दुसरा जोर देण्यासाठी, दोन्ही वेगवेगळे हाताळता येणारे.

या पद्धतीची मागणी मात्र कडक आहे. सहा टप्प्यांपुरता पत्ता तिला पुरत नाही, कोन प्रत्येक क्षणी हवा. कोनात ३० अंशांची चूक झाली तर सुमारे १३ टक्के जोर वाया जातो, ६० अंशांची झाली तर निम्मा, ९० अंशांची झाली तर सगळा, आणि त्याही पलीकडे मोटर उलटी ओढते. म्हणून या मोटरांच्या शेपटीला महागडे एन्कोडर आले. ते काढायचे तर मोकळी तार ही युक्ती कामाची नाही, कारण इथे तिन्ही तारांतून सतत प्रवाह वाहतो. उलटा दाब थेट दिसतच नाही.

मग तो हिशेबाने काढायचा. डेव्हिड लुएनबर्गरने १९६४ मध्ये मांडलेली ‘ऑब्झर्व्हर’ची कल्पना, रुडॉल्फ काल्मनचे १९६० चे गाळणीचे गणित, मॉस्कोच्या वादिम उत्किनची स्लायडिंग मोड पद्धत: यांतले काहीही मोटरसाठी जन्मले नव्हते. गाभा एकच. प्रोसेसरमध्ये मोटरची एक गणिती प्रत खऱ्या मोटरच्या बरोबरीने चालवायची, दोघींना तोच दाब द्यायचा, आणि खरीचा प्रवाह प्रतीच्या प्रवाहापेक्षा वेगळा निघाला की प्रतीचा कोन दुरुस्त करायचा. १९८९ मध्ये एमआयटीच्या जोन्स आणि लँग यांनी कायम चुंबकाच्या मोटरसाठी असा ऑब्झर्व्हर मांडला. नागोयात नोबुयुकी मात्सुईच्या गटाने नव्वदच्या दशकात ही वाट चालती केली. १९९६ मध्ये आयईईई प्रेसने सेन्सरविना चालणाऱ्या एसी मोटरांवर निवडक निबंधांचा ग्रंथ काढला, तेव्हा त्याच्या तीन संपादकांत अत्सुओ कावामुरा आणि कोउकी मात्सुसे यांच्यासह बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले कौशिक राजशेखर होते.

ही प्रत वेग असेपर्यंत उत्तम चालते. सावकाश फिरणाऱ्या मोटरमध्ये तिचा धीर सुटतो आणि त्याची कारणे अगदी जमिनीवरची आहेत. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे मोटर ८० अंशांनी तापली तर प्रतीत भरलेला रोधाचा आकडा तीसएक टक्क्यांनी चुकलेला असतो. चुंबक तापला की त्याची ताकद घटते. मोटरला वीज देणाऱ्या इन्व्हर्टरमधले वरचे आणि खालचे स्विच एकदम चालू होऊ नयेत म्हणून दोघांमध्ये काही मायक्रोसेकंदांची फट ठेवतात, तिनेही दाब थोडा बिघडतो. जोरात फिरताना या चुका किरकोळ असतात. रांगताना त्या खऱ्या खबरेपेक्षा मोठ्या होतात. आणि पूर्ण थांबल्यावर हिशेबाला काही उरतच नाही.

इथे या वंशातला सर्वांत सुंदर शोध येतो. मोटर बोलत नसेल तर तिला प्रश्न विचारायचा. व्हिएन्नात मानफ्रेड श्रोड्लने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘इन्फॉर्म’ नावाची पद्धत बांधायला घेतली, आणि विस्कॉन्सिन-मॅडिसनला रॉबर्ट लॉरेन्झने यानसनबरोबर १९९५ मध्ये आणि पुढे कॉर्लीबरोबर १९९८ मध्ये उच्च वारंवारतेच्या संकेताची वाट दाखवली. मूळ दाबावर एक छोटा, झरझर बदलणारा दाब चढवायचा, साधारण ५०० हर्ट्झपासून काही किलोहर्ट्झपर्यंतचा. रोटरला इतक्या घाईने हलता येत नाही, म्हणून तो हलत नाही. पण त्या दाबाला मिळणारा प्रवाहाचा प्रतिसाद सगळ्या दिशांना सारखा नसतो.

का नसतो, हे पाहण्यासारखे आहे. चुंबकीय रेषांच्या दृष्टीने निओडिमियमचा चुंबक जवळजवळ हवेसारखा असतो, लोखंडासारखा मुळीच नाही. रोटरच्या लोखंडात चुंबक पुरलेले असतील तर चुंबकाच्या दिशेने जाणाऱ्या रेषांना ही जणू हवेची फट ओलांडावी लागते, तिथे इंडक्टन्स, म्हणजे प्रवाह बदलायला होणारा विरोध, कमी. आडव्या दिशेने सलग लोखंड मिळते, तिथे इंडक्टन्स जास्त. संकेत चुंबकाच्या दिशेला आला की प्रवाहाची लहर मोठी होते, आडवा गेला की लहान. ही असमानता मोजली की अक्ष सापडला, रोटर पुतळ्यासारखा उभा असला तरी.

अक्ष सापडला, पण त्याचे डोके कोणते आणि पाय कोणते हे नाही. उत्तर ध्रुव पुढे असो की दक्षिण, लोखंड आणि फट तशीच. अर्ध्या फेरीची ही चूक झाली तर गाडी पुढे जाण्याऐवजी मागे जाईल. तिचा निवाडा केला लोखंडाच्या संपृक्ततेने. लोखंडात ठरावीक मर्यादेपलीकडे चुंबकीय रेषा मावत नाहीत, आणि कायम चुंबकाने ते आधीच बरेचसे भरलेले असते. आता एक ठोका चुंबकाच्या बाजूने द्यायचा आणि एक उलट. बाजूने दिलेल्या ठोक्यात लोखंड आणखी भरते, इंडक्टन्स उतरतो आणि प्रवाह थोडा जास्त चढतो. फरक छोटा असतो, पण एकाच बाजूला असतो. मोटर रचणाऱ्यांनी संपृक्ततेला कायम टाळण्याची गोष्ट मानले. तीच इथे चुंबकाचे डोके कुठे आहे ते सांगते.

ही पद्धतही फुकट मिळत नाही. संकेत कानाला ऐकू येतो, बारीक शिट्टीसारखा. चुंबक पृष्ठभागावर चिकटवलेले असतील तर असमानता फारच थोडी उरते. आणि भार वाढला की भाराच्या प्रवाहानेच लोखंड वेगळ्या जागी संपृक्त होते, अक्ष सरकल्याचा भास होतो, म्हणजे नेमका जोर हवा तेव्हाच पत्ता चुकू लागतो. सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठात सुंग-की सुल यांच्या गटाने वारंवारता वाढवून हा आवाज बराच आटोक्यात आणला. नागोयाच्या चेन, तोमिता, दोकी आणि ओकुमा यांनी २००३ मध्ये असमान इंडक्टन्सच्या मोटरलाही एकसंध उलटा दाब असल्यासारखे लिहिता येते हे दाखवले, त्यामुळे वेगातल्या मोटरसाठी जुना ऑब्झर्व्हर पुन्हा चालू लागला. आज बहुतेक ठिकाणी दोन्ही घराणी एकत्र नांदतात: थांबलेल्या आणि रांगणाऱ्या मोटरला प्रश्न विचारायचा, वेग आल्यावर नुसते ऐकायचे, आणि मधल्या पट्ट्यात एकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू सूत्रे द्यायची.

ऑब्झर्व्हरच्या घराण्यातला एक निबंध मला विशेष जवळचा वाटतो. २०१० मध्ये कोरियाचे ली, हाँग आणि नाम यांनी ओर्तेगा, प्राली आणि अस्टॉल्फी या नियंत्रणशास्त्राच्या गणितज्ञांबरोबर तो लिहिला. कल्पना चित्र काढून दाखवता येईल अशी. दाबातून रोधाचा वाटा वजा करून बेरीज करत गेले की एकूण चुंबकीय प्रवाह मिळतो, त्यातून कॉइलचा वाटा काढला की उरतो चुंबकाचा. चुंबकाची ताकद ठरलेली आहे, म्हणजे हा उरलेला वाटा बाणासारखा काढला तर त्याचे टोक नेहमी एका ठरलेल्या वर्तुळावरच असले पाहिजे. बेरजेत चूक साठून टोक वर्तुळाबाहेर किंवा आत गेले की त्याला हळूच वर्तुळाकडे ओढायचे. बाणाची दिशा हाच रोटरचा कोन. हे गणित काही ओळींत मावते. स्वीडनच्या बेंजामिन वेडरने ते आपल्या खुल्या मोटर-कंट्रोलरमध्ये घेतले, आणि अल्पावधीत जगभरचे हौशी लोक इलेक्ट्रिक स्केटबोर्डवर ते चालवू लागले. त्या मंडळींपैकी किती जणांनी तो निबंध उघडला असेल कोण जाणे, पण ज्याला पाहायचे आहे त्याला त्या ओळी उघड्यावर ठेवलेल्या सापडतात. मला ही मोठी गोष्ट वाटते. या विद्येचा बराच भाग कंपन्यांच्या कपाटांत बंद आहे.

ड्रोनच्या पंख्यांत, फ्रिजमध्ये, पाण्याच्या पंपात, धूळ ओढणाऱ्या यंत्रात सेन्सर आता क्वचितच दिसतो. मोटारगाडीत मात्र तो टिकून आहे. १९९७ च्या टोयोटा प्रियसपासून कायम चुंबकाच्या मोटरच्या टोकाला रिझॉल्व्हर नावाचा सेन्सर बसतो. चढावर उभी गाडी, पूर्ण भार, वेग शून्य, आणि चूक झाली तर माणसाचा जीव: सेन्सरविना मोटरला सर्वांत कठीण जाणाऱ्या साऱ्या गोष्टी तिथे एकत्र येतात. सेन्सर टिकला यात मला अभियंत्यांचा शहाणपणा दिसतो. सेन्सरविना काढलेला कोन तिथे रिझॉल्व्हर बिघडला तर गाडी सावकाश कडेला नेण्यासाठी किंवा रिझॉल्व्हरची उलटतपासणी करण्यासाठी कामाला येतो.

आणि हा रिझॉल्व्हर उघडून पाहिला तर त्यात ना चुंबक असतो ना अर्धवाहक, म्हणून तो तेल आणि उष्णता निमूट सोसतो. गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या प्रकारात दंडावर बसवलेली लाटदार कडेची लोखंडी चकती असते आणि भोवती कॉइल. एका कॉइलमध्ये साधारण १० किलोहर्ट्झचा संकेत सोडतात. चकती फिरते तशी लोखंड आणि कॉइलमधली फट बदलते आणि दुसऱ्या दोन कॉइलींत येणारा प्रतिसाद त्याप्रमाणे कमी-जास्त होतो. श्रोड्ल आणि लॉरेन्झ यांनी मोटरच्याच लोखंडाला जो प्रश्न विचारला, तोच इथे या वेगळ्या चकतीला सेकंदाला हजारो वेळा विचारला जातो.